लोखंडी डोंग्यातले चौकोनी भोक

काही घटना विसरायला माणसाला कष्ट पडतात. ही घटना विसरण्याचा मी कधी प्रयत्नच केला नाही. निवृत्त झाल्यावर केसेस एकमेकींत मिसळतात, चोरीतला आरोपी मारामारीत आठवतो. ही मात्र तशीच सुटी राहिली आहे. यातली माणसे अजून त्याच गावात राहतात, रोज एकमेकांची तोंडे पाहतात, म्हणून नाव कोणाचेच देत नाही. तलावाचेही नाही.

गोंदिया जिल्ह्यात पोलिसाची नोकरी करून जहाजबांधणीचे नियम शिकलो असे सांगितले की लोक हसतात. समुद्र कुठे आणि आम्ही कुठे! पण आमच्याकडची कितीतरी मुले वेल्डर, फिटर होऊन किनाऱ्यावरच्या जहाज कारखान्यांत कामाला जातात. मोठे जहाज आता तळापासून एका जागी बांधत नाहीत. त्याचे घराएवढे तुकडे वेगवेगळे तयार होतात आणि क्रेनने उचलून जोडले जातात. जोड वाढले तशी जोडणाऱ्याची किंमत वाढली. त्यातली काही मुले हातात कसब घेऊन परत येतात. या केसमधला मिस्त्री तसाच परत आलेला. अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला त्याने शेड टाकली होती, आणि मासेमार संस्थांना तो लोखंडी बोटी बांधून देत असे. जुने लाकडी डोंगे करायला आता तसली झाडे मिळत नाहीत, तेव्हा त्याचे काम बरे चालले होते. गावातले लोक या बोटीलाही डोंगाच म्हणत, लोखंडी डोंगा.

ज्या गावात घटना घडली, ते तलावाच्या एका काठाला आणि त्यांची बरीचशी धानाची शेते दुसऱ्या काठाला. सडकेने जायचे तर सगळ्या तलावाला वळसा. म्हणून रोवणीच्या दिवसांत बाया संस्थेच्या डोंग्यातून पलीकडे जात, सोबत पऱ्ह्याच्या जुड्या. पऱ्हे म्हणजे रोवायची धानाची रोपे. ओली जुडी चांगलीच जड असते.

मी त्या भागाचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू होती, कोण बँक बंदोबस्ताला आणि कोण समन्स घेऊन जाणार याची वाटणी करत होतो. पोलीस पाटलाचा फोन आला की डोंगा पलटला, बाया होत्या. हजेरी तशीच टाकून मी आणि माझा जमादार निघालो. आम्ही पोहोचेपर्यंत गावातल्या मासेमारांनी लाकडी डोंगे घालून बायांना बाहेर काढले होते. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ओल्या लुगड्यांनी त्या बसून होत्या, कोणी रडत नव्हते. पाण्यावर हिरव्या जुड्या तरंगत होत्या. एक बाई तेवढी हाती लागली नाही, लागली तेव्हा उशीर झाला होता. ती मासेमार संस्थेच्या अध्यक्षाची बायको. अध्यक्ष मासे घेऊन गोंदियाच्या बाजाराला गेला होता. तो परत आला तेव्हा मी पाळीवर होतो. ते इथे लिहीत नाही.

इन्क्वेस्ट पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनासाठी पाठवले, मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यू, दाखल केला. दुपारी ट्रॅक्टरला दोर बांधून डोंगा काठावर ओढून घेतला. त्याच्या तळावर चालायला पत्रा ठोकलेला होता आणि त्या पत्र्यात पुढच्या बाजूला एक चौकोनी भोक होते, माणसाचे खांदे आत जातील एवढे. वर झाकायला नुसती फळी. पत्र्याखालची पोकळी पाण्याने भरलेली. मी विचारले, हे भोक कोणी पाडले? सगळ्यांनी एका तोंडाने सांगितले, मिस्त्रीनं.

मिस्त्री बाहेरगावचा. जमावाला धरायला तेवढे पुरते. संध्याकाळपर्यंत ठाण्यासमोर माणसे जमली, पेपरवाले आले, गोंदियाहून वरिष्ठांचा फोन आला. गुन्हा सदोष मनुष्यवधाचा नोंदवला गेला, कारण ज्याला बोटीचे शास्त्र कळते त्याने जाणूनबुजून बोट कमकुवत केली असा आरोप होता. जाणकाराला कायदा जास्त कडक असतो, आणि असावाही.

बसस्टँडवर एक चहावाला होता, गोंदिया शहरातून येऊन इथे स्थिरावलेला. माझा जुना खबऱ्या. त्याने निरोप धाडला, "साहब, मिस्त्री बैग भरके बस की राह देख रहा है." आम्ही गेलो तर मिस्त्री खरोखर बाकावर बसलेला, मांडीवर पिशवी. जमादाराने खांद्याला धरून उठवले. ठाण्यात आणून पिशवी उलटी केली. हातोडा, बॅटरी, खडू, मोजायची फीत आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी. कपडा एक नाही.

"पळणारा माणूस हातोडा घेऊन पळत नाही," मी जमादाराला म्हणालो.

जमादार पोलिसातला जुना बैल, सहजासहजी मान हलवणारा नव्हे. तो म्हणाला, नाटक बी असू शकते साहेब. असू शकते. म्हणून विचारपूस सुरू केली.

खोटे बोलणाऱ्याच्या आवाजात आधी भीती येते आणि मग नम्रता. हा तर चिडलेला होता, आणि चीड पोलिसांवर नव्हती. आपला डोंगा बुडाला यावर होती. तो त्या गावीच निघाला होता, डोंगा पाहायला. जमाव त्याचे काय करील याचा विचारही त्याच्या डोक्यात आला नव्हता. शहाणा माणूस असा वेडेपणा करतो तेव्हा बहुधा त्याला आपले काम नीट झाल्याची खात्री असते.

"साहेब, माह्या डोंग्याले मीच भोक पाडाले येडा आहो का?" तो म्हणाला. "खालती हवाबंद कप्पे आहेत. एक फुटला तरी बाकीचे धरून ठेवतेत. त्याच्यावरच तं सारा डोंगा आहे."

साबण कशाला, असे मी विचारले. त्याने सांगितले की कप्प्यात हवा भरायची आणि बाहेरून जोडांना साबणाचे पाणी लावायचे. फुगा आला तर जोड गळका. मोठ्या जहाजालाही हीच परीक्षा असते, आणि या डोंग्याचीही तशीच घेतली होती, तपासणीसाठी आलेल्या साहेबासमोर. मी ऐकून घेतले, पण आत ठेवायचा तो आतच ठेवला. ऐकणे आणि सोडून देणे या दोन गोष्टी पोलिसाला वेगळ्या ठेवाव्या लागतात.

त्याची बायको दुसऱ्या दिवसापासून ठाण्याच्या आवारातल्या निंबाखाली येऊन बसू लागली. एकदाच तिने जमादाराला गाठले आणि सांगितले की दोन संस्थांनी बोटींचे काम परत घेतले, शेडवर कोणी दगड टाकले, आणि पोरांना शाळेत "बाईले मारणाऱ्याचे" म्हणून राहिले. जमादाराने ते मला सांगितले आणि बराच वेळ फाइलीत तोंड घालून बसला. इकडे वरिष्ठांचा रोज फोन. आरोपी हातात आहे, गाव साक्षीला आहे, मग वाट कशाची पाहता? उंटावरून शेळ्या हाकणे सोपे असते. मी "होय सर" म्हणायचो आणि पुन्हा जबाब वाचायला घ्यायचो.

जबाब वाचताना मला एक गोष्ट खटकली. दहा माणसांनी एक घटना पाहिली तर ती दहा तऱ्हांनी सांगितली जाते. कोणी म्हणतो सकाळ होती, कोणी म्हणतो ऊन उतरले होते, कोणाला सदऱ्याचा रंग आठवतो तर कोणाला बैलाचा. इथे सगळ्यांचे एकच. मिस्त्री होळीच्या आधी दुपारी आला, मासे ठेवायला जागा होईल म्हणून त्यानेच सुचवले, एकट्याने भोक पाडले आणि चहा पिऊन गेला. म्हातारीपासून डोंगा चालवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना चहा आठवत होता. चहा कोणाच्या घरचा, हे विचारले की सगळे गप्प. पढवलेल्या पोपटाला पुढचा प्रश्न विचारला की तो पहिल्यापासून सुरू करतो, तसेच.

पण का? धाक नव्हता, कारण त्या गावात कोणी दादा नव्हता. पैसाही फिरलेला दिसत नव्हता. गाव गरीब, सरळ, देवभोळे. सरळ माणसे सगळी मिळून खोटे बोलतात तेव्हा पोलिसाने जास्त सावध व्हावे.

मी वरून सर्वेक्षक मागवला. बोटींची आणि जहाजांची तपासणी करून ती पाण्यात घालायच्या योग्यतेची आहेत की नाही हे ठरवणारा तांत्रिक अधिकारी. मुंबईहून आलेले गृहस्थ कोकणातले, बोलके, पण कामाला लागले की तोंड बंद. गोंदिया स्टेशनवरून जीपमधून येताना त्यांनी मला जहाजांचे वर्गीकरण समजावले. मला आधी वाटले, रेल्वेसारखा पहिला वर्ग, दुसरा वर्ग असेल. तसे नसते. पत्रा किती जाड, जोड कसे, कप्पे किती आणि कुठे, कोणत्या पाण्यात आणि किती ओझ्याने चालणार, हे सगळे ठरलेल्या नियमांना धरून असेल तर जहाजाला दर्जा मिळतो. त्या दर्जावर विमा, भाडे, खलाशांचा जीव, सगळे उभे असते. हल्ली जहाजे मोठी झाली, इंधने बदलली, तसे नियमही वाढत गेले. पण एक नियम जुनाच आहे.

"दर्जा मिळालेल्या जहाजात न विचारता बदल केला की दर्जा संपला," ते म्हणाले. "मग तो बदल कितीही चांगल्या हेतूने केलेला असो. पाणी हेतू विचारत नाही."

काठावर पोहोचल्यावर ते शर्टाची पर्वा न करता डोंग्यात पालथे झोपले आणि बॅटरी घेऊन त्या भोकात डोके घातले. बाहेर आले ते हसत नव्हते. त्यांनी मला भोकाचा कोपरा बोटाने चाचपायला सांगितला. काटकोन, धारदार. मग डोंग्यातली बाकीची उघडी तोंडे दाखवली. मोटर बसवायची जागा, पाणी काढायची जागा. तिथे प्रत्येक कोपरा गोल. त्यांनी सांगितले की जहाजाच्या पत्र्याला काटकोनी भोक कोणी पाडत नाही. सगळा ताण कोपऱ्यात गोळा होतो आणि तिथून पत्रा फाटतो. जहाज कारखान्यात हे पहिल्या महिन्यात शिकवतात आणि पुढे हातालाच सवय लागते. शिवाय भोकाच्या भोवती उभी कड हवी, म्हणजे तळावर आलेले पाणी आत जाणार नाही. इथे ती नव्हती. मिस्त्रीच्या हाताचे हे काम नाही, एवढे ते खात्रीने सांगू शकत होते.

"घाईत केले असेल तर?" मी विचारले. कोर्टात वकील हेच विचारणार होता.

"घाईत माणूस कोपरा आणखी गोल कापतो," ते म्हणाले. "सोपा पडतो."

मग आतली गोष्ट. कप्प्यांच्या मधल्या भिंतींनाही भोके पाडलेली होती, हात जाईल एवढी. त्यामुळे सगळे कप्पे एक झाले होते. त्या सकाळी आत अर्धवट पाणी होते. बाया जुड्या घेऊन पुढे बसल्या, डोंग्याचे नाक खाली झुकले, आणि आतले पाणी सगळे तिकडेच धावले. अर्धी भरलेली परात उचलून चालून पाहावे, म्हणजे कळते. नाक आणखी खाली गेले, तलावाचे पाणी तळावर चढून भोकातून आत शिरले, आणि मग काही उरले नाही.

पण त्या भिंतींच्या भोकांना कडेने काळे रबर गुंडाळलेले होते, नीट, घट्ट, तारेने बांधून. सर्वेक्षकांना त्याचा अर्थ लागेना. जहाजाच्या कोणत्याही नियमात असे काही नाही, ते म्हणाले. मलाही लागेना. गावकऱ्यांना विचारू नका, एवढे मात्र मी त्यांना सांगितले.

परतीच्या वाटेवर मला ते आठवले. चोरखमारा गावी एकदा बंदोबस्ताला होतो, तेव्हा बाजारात मासेवाल्याच्या टोपल्यांचे काठ चिंध्या गुंडाळून मऊ केलेले पाहिले होते. त्या टोपल्यांत जिवंत मासे होते. एवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही, पण कोणाशी काय बोलायचे ते मला कळले.

अध्यक्षाचा जबाब नातेवाईक म्हणून घ्यायचा राहिलाच होता. त्याला बोलावले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तरी आला तो वेळेवर, धुतलेला सदरा घालून. माणूस चांगला. त्याच्या संस्थेत एक भांडण ठाण्यापर्यंत आलेले मला आठवत नाही. मी त्याला समोर खुर्ची दिली, डोंग्याचे नाव काढले नाही. बायकोबद्दल दोन शब्द बोललो, ते मनापासून होते. मग धंद्याकडे वळलो. मरळ मासा बाजारात जिवंत नेतात तो वाटेत मरत कसा नाही, असे विचारले.

दुःखात बुडालेल्या माणसालाही त्याच्या कसबाबद्दल विचारले की तो थोडा वर येतो. तो सांगू लागला. मरळीला दमट जागाही चालते, पण इतर मासे नाजूक. पाणी शिळे झाले की तोंड वर काढतात. त्याचा आवाज हळूहळू मोकळा झाला.

"पानी हललं पायजे साहेब. बंद डब्ब्यात मासोरी घुसमटते. तिले फिराले वाट द्या लागते."

"म्हणजे आतून भोके पाडावी लागत असतील."

"पाडा लागते ना. अन् कडा मऊ करा लागते, नाही तं अंग घासते, मंग दोन दिवसांत पांढरं येते."

"कडा कशाने मऊ करता?"

"सायकलच्या टूपनं," तो म्हणाला, आणि थांबला.

त्याने माझ्याकडे पाहिले. जमादार दारात उभा होता, त्याला मी मानेने बाहेर जायला सांगितले. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तो त्याने घेतला नाही. अशा वेळी पोलिसाने बोलू नये. अर्ध्या केसेस आम्ही बोलून बिघडवतो.

मग तो म्हणाला, "मीच कापलो साहेब. मिस्त्रीनं सांगतलं होतं, हे हवाबंद आहे, हात लावू नोको. मले वाटलं, रिकामा डब्बा कायले ठेवाचा? हवाच तं आहे आतमध्ये. मासोऱ्या जित्त्या येतीन."

तरुणपणी तो ट्रॉली दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, कापायचे तिथेच शिकला. लाकडी डोंग्यात त्याचे वडील बुडाशी पाणी ठेवून मासे जिवंत आणत. लाकूड भरले तरी तरंगते, म्हणून त्यांना कधी काही झाले नाही. लोखंडाला आतली हवाच तरंगवते, हे त्याने कानाने ऐकले होते, पण हाताला जुनीच रीत माहीत होती. जिथे पिढ्यानपिढ्या पाणी हीच माशाची सोय, तिथे मुद्दाम कोरडी ठेवलेली पोकळी त्याला वाया गेल्यासारखी वाटली. आदल्या दिवशी मासे काढले आणि पाणी उपसायचे राहिले. संस्थेतल्या सगळ्यांना भोक माहीत होते. उलट सगळे खूश होते.

मिस्त्रीचे नाव घ्यायचे कोणी ठरवले, हे मी विचारले. त्याने सांगितले, पाळीवरच ठरले, तिला शवविच्छेदनाला नेत असताना. म्हातारी माणसे म्हणाली, याचे घर तर गेलेच, आता यालाच धरून द्यायचे का? त्याने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. गावाने त्याच्यावर माया केली, आणि ती माया मिस्त्रीच्या घरातून काढून केली.

मला राग आला. स्पष्ट सांगतो, खूप राग आला. निंबाखाली बसलेली ती बाई मला खिडकीतून दिसत होती. पण समोर बसलेल्या माणसाला त्याने केलेल्या चुकीची शिक्षा कोणत्याही कोर्टाच्या आधी मिळून गेलेली होती. त्याच्यावर ओरडण्यात काही पुरुषार्थ नव्हता.

आता वाचकांना वाटेल, केस संपली. इथे कायदा वेगळा आहे. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर आमच्यातल्या काहींनी लाठीने सगळ्या केसेस सोडवल्या असत्या. मात्र आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर ती चालते. मी विचारले, कापलेला पत्रा कुठे आहे? तो म्हणाला, घरी. पंच घेऊन गेलो. त्याच्या घराच्या चुलीला वाऱ्याचा आडोसा म्हणून तो लोखंडी चौकोन उभा केलेला होता. त्याच्या बायकोनेच ठेवला होता. भोकाला लावून पाहिला, तंतोतंत बसला. पंचनामा केला, जप्त केला.

पत्रा आणि सर्वेक्षकांचा अहवाल घेऊन मी कोर्टात गेलो आणि मिस्त्रीला जामीन मिळाला. अध्यक्षावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा लागला, तो जामीनपात्र, म्हणून तोही घरी गेला. पण गाव अजून चहावर अडून होते. पत्रा? मिस्त्रीनंच टाकून दिला, अध्यक्षानं उचलून आणला. सगळी गाडी पुन्हा तिथेच. साक्षीदार तेच राहिले असते तर मिस्त्रीचे नाव दोषारोपपत्रात राहिले असते, आणि खटला वर्षानुवर्षे चालला असता. तोवर शेडला गंज चढला असता.

तेरवीचे, म्हणजे तेराव्याच्या जेवणाचे, आमंत्रण पोलिसाला कोणी देत नाही. मला अध्यक्षाने दिले. साध्या कपड्यांत गेलो. मंडपाच्या टोकाला मिस्त्री आणि त्याची बायको बसलेले पाहिले तेव्हा मी चमकलो. अध्यक्ष स्वतः त्यांच्या घरी जाऊन बोलावून आला होता. त्यांच्या आजूबाजूची जागा रिकामी होती, कोणी तिकडे पाहत नव्हते. जेवणाच्या पंगती उठल्या, नातेवाइकांनी रिवाजाप्रमाणे अध्यक्षाला दुपट्टे दिले, आणि लोक उठणार तेवढ्यात अध्यक्ष उभा राहिला. भाषण करणारा माणूस नव्हता तो.

"डोंगा बरोबर होता," तो म्हणाला. "भोक मी पाडलो. डोंगा देल्यावर मिस्त्री आपल्या गावात आलाच नव्हता. तुमी माह्यासाठी बोलले, मले समजते. आता माह्यासाठीच खरं सांगा. तिच्या तेरवीचा जेवण खाल्ले तुमी."

मिस्त्री खाली मान घालून बसला होता. नंतर मी त्याला विचारले, तू आलास कसा? तो म्हणाला, "राग तं लय होता साहेब. पन नव्या डोंग्याची ओटी अध्यक्षाच्या बाईनंच भरली होती. जेवून गेलो नसतो तं बरं वाटलं नसतं."

कोर्टाचे काय झाले ते सांगून टाकतो. मिस्त्रीचे नाव दोषारोपपत्रातून वगळले गेले. अध्यक्षाने गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने त्याची परिस्थिती पाहून शिक्षा दिली. तो डोंगा मिस्त्रीने पुन्हा हवाबंद केला, साबणाच्या पाण्याची परीक्षा काठावर सगळ्या गावासमोर झाली, आणि सर्वेक्षकांनी नव्याने दर्जा दिला. परत घेतलेली कामे त्याच्याकडे हळूहळू आली. हल्ली तो बोट देताना आत उतरून माणसांना समजावतो की रिकामी दिसणारी जागा कशासाठी आहे.

मला या केसने काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी तेरवीच्या दुसऱ्या दिवसाबद्दल सांगतो. भीतीपोटी बोललेले खोटे भीती काढली की सुटते, पैशासाठी बोललेले पैसे संपले की सुटते. मायेपोटी बोललेले खोटे पोलीस सोडवू शकत नाही. ज्याच्यासाठी ते बोलले गेले, त्यालाच ते सोडवावे लागते. आमचे काम त्याला तिथपर्यंत आणून सोडायचे, एवढेच.

त्या दिवशी सकाळी ठाण्याच्या दारात गावातल्या बाया उभ्या होत्या, जबाब बदलायला. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर न्यायच्या आधी मी एकेकीशी बोलत होतो. पहिली आत आली ती सगळ्यांत म्हातारी, डोंगा पलटला तेव्हा पाण्यातून वाचलेली. तिला मी झापणारच होतो. मिस्त्रीची पोरे शाळेतून रडत घरी येत होती, एक बाई रोज निंबाखाली बसत होती, हे सगळे ओठांवर आले होते. एवढ्या वयाची बाई असून खोटे कसे बोललीस, एवढेच विचारले.

तिने पदर सावरला. "आमी त्याले वाचवून राहिलो होतो साहेब," ती म्हणाली. "मिस्त्रीचा घर आमच्या डोऱ्यासमोर नव्हता ना."

मी तिला बसायला सांगितले, चहा मागवला, आणि जबाब लिहायला घेतला.